खडकामागची जागा

दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात तालमीचे वस्ताद आमच्या शाहूपुरीतल्या दुकानात आले, पंपाच्या सुट्या भागांच्या खोक्यावर बसले, चहा बशीत ओतून प्यायले आणि मला म्हणाले, "वहिनी, औंदा तुम्ही कान व्हा."

माझा नवरा काउंटरमागं बिलं लावत होता. त्याचा हात थांबला. मी काहीच बोलले नाही, आणि मी बोलत नाही तेव्हा आमच्या घरातली माणसं जरा लांब सरकतात.

कान होणं म्हणजे काय, ते सांगायला हवं. आमच्या पेठेतल्या तालमीत मर्दानी खेळ शिकवतात. लाठी, दांडपट्टा, भाला यांना गर्दी असते, कारण त्यात आवाज आहे, फिरकी आहे, आणि बघणारा तोंडात बोट घालतो. धनुष्याकडं फारसं कुणी फिरकत नाही. साधं वेळूचं धनुष्य. त्याला ना नेम धरायची खूण, ना नव्या धनुष्यांसारखी चाकं. हात, डोळा आणि बांबू, संपला विषय. वस्तादांच्या आजोबांच्या काळात असल्याच धनुष्यांनी रानडुकरं मारायचे म्हणे. खरी शिकार कायद्यानं केव्हाच बंद झाली आणि झाली ते उत्तम झालं. पण तालमीनं तिचा एक खेळ जिवंत ठेवलाय. दसऱ्यानंतरच्या रविवारी आम्ही काही जण पन्हाळ्याच्या पायथ्याला, एका ओळखीच्या माणसाच्या टेकडीवरच्या पडीक माळावर जातो. तिथं झुडपात पोत्याचं डुक्कर ठेवलेलं असतं. आत उसाचं पाचट कोंबलेलं, बरगडीच्या जागी भाकरीएवढं तांबडं वर्तुळ शिवलेलं.

प्रत्येकाला एकच बाण. वर्तुळात लागला तर डुक्कर पडलं. बाहेर लागला तर ते जखमी झालं, आणि जखमी करणं हे हुकण्याहून वाईट. जो जखमी करील त्यानं पोतं पाठीवर घेऊन टेकडी उतरायची आणि पुढच्या वर्षी धनुष्याला हात लावायचा नाही.

डुकराच्या बाजूला एक मोठा खडक आहे. त्या खडकामागं, पाठ करून, एक माणूस बसतो. तो कान. डुकराचे कान त्या दिवसापुरते त्याला दिलेले असतात. डुकराभोवती मुद्दाम वाळलेलं पाचट पसरलेलं असतं. तुमचं पाऊल वाजलं, खोकला आला, बांगडी किणकिणली, की तो म्हणतो, "आयकलं." तुमची पाळी तिथं संपली. म्हणून बहुतेक जण पाचट सुरू व्हायच्या आधीच, लांबून बाण मारतात. लांबून मारला की ऐकू येण्याचा प्रश्नच नाही, शिवाय ताकद दिसते. ताकद दिसण्याला आमच्या गावात काय किंमत आहे ते मी सांगायला नको. बाण भर्रकन कुठंतरी माळावर जातो आणि मग सगळे मिळून तो शोधत बसतात.

कान होणं हा मान आहे. त्या दिवशी सगळे त्याच्या पाया पडतात, जेवणात पहिलं ताट त्याचं. पण खडकामागं एकदा बसलेला माणूस पुन्हा धनुष्य घेऊन उठलेला मी पाहिलेला नाही. वस्ताद स्वतः गुडघे गेल्यावर तिथं जाऊन बसले ते बसलेच. त्यामुळं त्यांनी मला चहा पिता पिता जे सांगितलं त्याचा अर्थ सरळ होता. तुमचं झालं.

त्यांचंही चुकत नव्हतं. माझा उजवा खांदा गेला होता, आणि तो मीच घालवला होता.

धनुष्याकडं मी वळले ते लेकीमुळं. ती दांडपट्टा शिकायला जायची, मी तिला आणायला जायची, आणि वाट बघताना रिकाम्या हातांनी बसणं मला जमत नाही. कोपऱ्यातलं धनुष्य उचललं. लेक लग्न होऊन पुण्याला गेली, पट्टा विसरली. मी जातच राहिले. बायकांच्या भिशीत मला कंटाळा येतो आणि देवळात झोप. धनुष्य ओढताना मात्र दुसरं काही सुचत नाही. हिशेब नाही, सून नाही, गिऱ्हाईक नाही. पन्नाशी उलटल्यावर बाईला असली जागा सापडली तर बाई ती सोडत नसते.

पण वेळूला एक खोड आहे. हवेत ओल असली की तो मऊ पडतो. पावसाळ्यात माझा बाण निम्म्या वाटेतच जमिनीत नाक खुपसायचा. मला ते सहन होईना. माझ्या भावाचं गुऱ्हाळ आहे. गेल्या हंगामात तिथं रस उकळत असताना मला सुचलं, की चुलाणाच्या भिंतीशी धनुष्य टेकवून ठेवलं तर आतली सगळी ओल निघून जाईल. गुऱ्हाळावर कुणाला काहीही वाळवायचं असलं की तो तिथंच आणून ठेवतो. मिरच्या, चादरी, एकदा तर कुणाची तरी चिंब भिजलेली पासबुकं. भाऊही म्हणाला, "ठेव की, कडक हुईल." कडक झालं. टणटणीत झालं. वाजवलं तर पत्र्यासारखं वाजायला लागलं. मी खूश. बांबूला वाकायला थोडी ओल लागते, हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही. गावभर उसाच्या पैशावर वाढलेल्या माणसांना जाळ आणि गोडी यांपुढं तिसरं काही सुचत नाही.

तालमीत सगळ्यांसमोर ते पूर्ण ओढलं आणि मधोमध फाटलं. दोरी सुटली, हात मागं फेकला गेला, खांद्यात काहीतरी उपटलं. डॉक्टर म्हणाले, आता जड काही ओढायचं नाही. महिना-दोन महिने मला वेणीही घालता येत नव्हती. नवरा घालायचा. वाकडी घालायचा, पण घालायचा.

तर वस्ताद खोक्यावर बसलेले, आणि मी गप्प. शेवटी मी म्हटलं, "वस्ताद, औंदा मी शिकार करणार. बाण हुकला न्हायतर जखमी केलं, तर त्याच दिवशी खडकामागं जाऊन बसते. मग उठायचं नाव घेणार न्हाय."

"खांद्याचं काय?"

"खांदा माझा हाय. मी बघते."

वस्तादांनी बशी खाली ठेवली. ते एसटीत ड्रायव्हर होते, आयुष्यभर घाट चालवला, आणि घाटात समोरून गाडी आली की कुणी मागं घ्यायची हे त्यांना चटकन कळतं. "बरं," म्हणाले, "पर ठरलं म्हंजे ठरलं. मागनं रडायचं न्हाय."

ते गेल्यावर नवरा म्हणाला, "मान देतायत तर घ्यावा माणसानं."

"तुला पाहिजे तर तू बस खडकामागं. तुला तसंही घरात काही ऐकू येत नाही," मी म्हटलं. तो हसला. मला हसू आलं नाही. मला भीती वाटत होती, आणि भीती वाटली की माझी जीभ जास्त चालते.

दुसऱ्या दिवशी तालमीतून लहान मुलींचं हलकं धनुष्य आणलं. आणताना ओढणीखाली झाकलं होतं. गच्चीवर जुनी गादी उभी केली आणि सकाळी पाण्याची टाकी भरेपर्यंत बाण मारायला लागले. पहिल्या दिवशीच कळलं, की गच्चीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आपल्याच्यानं होणार नाही. हलक्या धनुष्याचा बाण तिथं पोचतो, पण दमून पोचतो, कुठंही लागतो. मी पुढं सरकले. मग आणखी पुढं. चार दिवस रडकुंडीला येऊन शेवटी एका जागी आले, तिथून प्रत्येक बाण ताटलीएवढ्या जागेत बसायला लागला. ते अंतर मी मोजलं. आमच्या दुकानाच्या काउंटरपासून दारापर्यंत जेवढं आहे तेवढं. म्हणजे गिऱ्हाईक आत आलं आणि "पावणं, काय पायजे" म्हटलं की त्याच्या चेहऱ्यावरची माशी दिसते, तेवढं.

गादीपाशी बसून मला खूप वाईट वाटलं, ते लपवत नाही. मी कधीकाळी माळाच्या कडेवरून बाण वर्तुळात लावला होता. त्या बाईला आता काउंटरपासून दारापर्यंत. पण मग टाकी भरून वाहायला लागली, खालून नवरा ओरडला, मी मोटर बंद करायला उठले, आणि जिना उतरताना माझ्या डोक्यात एकच गोष्ट बसली. इतक्या जवळून मारायचं असेल तर डुकराच्या तेवढं जवळ जायला पाहिजे. पाचटातून, आवाज न करता. खांद्याचं काम पायांनी करायचं. माझे पाय काही त्या धनुष्यासारखे गुऱ्हाळावर भाजलेले नव्हते.

मग मी भावाकडून पाचट मागवलं आणि गच्चीवर पसरलं. शेजारच्या बाईनं विचारलं, गच्चीवर गोठा करताय का. मी "व्हय" म्हटलं. पाचटावर टाच टेकली की ते बोलतं. बोटं टेकली तरी बोलतं. पायाची बाहेरची कड आधी टेकवून, वजन हळूहळू सोडलं तर मात्र ते दबतं आणि गप्प राहतं. पायाला चरे पडतात, पण गप्प राहतं. मी रोज सकाळी तेवढंच केलं.

त्या रविवारी माळावर नेहमीची गडबड होती. खाली मटणाचं पातेलं चढलं होतं. डुक्कर शिवणारे भाई आले होते. त्यांचं गाड्यांच्या सीटकव्हरचं दुकान आहे, उरलेल्या रेक्झिनची डुकराला कान-शेपटी लावतात, आणि दरवर्षी आधीच्यापेक्षा देखणं करतात. भाई माझ्याहून थोडे मोठे, मला आक्का म्हणतात, आणि त्यांचं कुजबुजणं माळाच्या पलीकडच्या वाडीत ऐकू जातं. दसऱ्याला घेतलेल्या नव्या कोऱ्या कोल्हापुरी चपला सगळ्यांच्या पायांत होत्या. आणि चपला घेताना आमच्याकडं पहिली परीक्षा काय, तर करकर वाजते की नाही. वाजली नाही तर परत देतात. असल्या चपला घालून ही मंडळी शिकारीला आलेली. दरवर्षी येतात.

वस्ताद खडकामागं जाऊन बसले. पहिल्या दोघांनी लांबून मारले, बाण गवतात गेले. एक जण पाचटात शिरला, दोन पावलांत चपलेनं त्याचं नाव-गाव सांगितलं. "आयकलं." मग भाई उभे राहिले. त्यांनी लांबूनच, दात-ओठ खाऊन असा काही ओढला की मला माझा खांदा आठवला. बाण डुकराच्या मागच्या मांडीवर, पुठ्ठ्यात घुसला. स्वतः शिवलेल्या डुकराच्या पुठ्ठ्यात.

"लागला तर हाय की," भाई म्हणाले.

"जखमी," सगळे एका सुरात म्हणाले. भाईंचं पुढचं वर्ष गेलं. त्यांचं तोंड उतरलं. पण त्यांना दोन वर्षांनी परत धनुष्य धरता येणार होतं. मी बाण चुकवला तर मला ते कधीच धरता येणार नव्हतं.

माझी पाळी आली. चपला काढल्या. ओढणी कमरेला घट्ट बांधली. बांगड्या वर चढवून त्यांच्यावर रुमाल गुंडाळला. हातात मुलींचं धनुष्य बघून कुणीतरी हसलं, मी तिकडं बघितलं, मग कुणी हसलं नाही.

पाचटाच्या कडेपर्यंत मी सरळ गेले. पुढं वारा येईपर्यंत थांबायचं, झुडपं सळसळली की एक पाऊल, झुडपं थांबली की आपणही थांबायचं. एका पायावर, अर्ध्यावर, कसंही. मागं हळूहळू सगळ्यांचं बोलणं बंद पडलं. आमची माणसं लग्नात, मयतात, सिनेमात कुठंच गप्प बसत नाहीत, त्यामुळं ती गप्प झाली तेव्हा मला पाठीवर कुणीतरी हात ठेवल्यासारखं वाटलं. पातेल्यातला रस्सा उकळत होता तेवढाच आवाज. पायाच्या कडेला पाचट कापत होतं. खडकामागून वस्तादांची टोपी दिसत होती, हलत नव्हती.

मी काउंटर आणि दाराच्या अंतरावर आले. पहिल्यांदाच मला डुक्कर नीट दिसलं. भाईंनी त्याला काळ्या बटणांचे डोळे लावले होते. एक टाका सुटून त्यातून पाचट बाहेर आलं होतं. पुठ्ठ्यात भाईंचा बाण तसाच. लांबून मारताना हे काहीच दिसत नाही. लांबून ते फक्त एक तांबडं वर्तुळ असतं.

बाण लावला. ओढायला लागले. दोरी गालापाशी आली, नेम वर्तुळात बसला, आणि माझ्या खांद्यात कट्ट असं वाजलं.

"आयकलं," वस्ताद म्हणाले.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. दोरी ओढलेली असताना कानानं "आयकलं" म्हटलं तर बाण सोडायचा की नाही, यावर तालमीत कधीच एकमत झालेलं नाही. भांडणं झाली आहेत. बहुतेक जण सोडतात, आणि लागला तर तो लागला असंच धरलं जातं. मागून तोच कालवा उसळला. "सोडा की आक्का", "सोडा वहिनी", "हातातच हाय की तुमच्या". मी जिंकावं असं त्यांना वाटत होतं. आधी हसलेला माणूससुद्धा ओरडत होता.

आणि मला सोडायचा होता. देवाशपथ सांगते, इतकं मला आयुष्यात थोडंच काही हवंसं वाटलंय. समोर भाकरीएवढं वर्तुळ होतं आणि माझं सगळं पुढचं आयुष्य त्याच्या आत होतं. पण खांदा वाजला त्या क्षणी हात थरथरायला लागला होता. बाणाचं टोक वर्तुळातून बाहेर जाई, परत येई. आत असताना सोडला तर पडलं, बाहेर असताना सोडला तर भाईंच्या बाणाशेजारी आणखी एक.

मी दोरी हळूहळू परत पुढं नेली. ओढायला जेवढी ताकद लागते त्याहून उतरवायला जास्त लागते, आणि दुखलेल्या खांद्याला तर विचारूच नका. डोळ्यांतून पाणी आलं. बाण काढून हातात घेतला आणि मी तिथंच पाचटात उभी राहिले.

खाली वाद पेटला. भाई धावत आले, चपला करकरत, आणि म्हणाले, "लागला न्हाय म्हंजे हुकलाच की. ठरल्याप्रमाणं आक्का आता खडकामागं." त्यांना माझ्यावर राग नव्हता. ते एकटे बाद झाले होते आणि त्यांना सोबत हवी होती. बाकीचे दोन्हीकडून बोलत होते, कुणाचं कुणाला ऐकू जात नव्हतं.

वस्ताद गुडघ्यांवर हात ठेवून खडकामागून उठले. पाचटातल्या माझ्या पायांकडं बघितलं, मग डुकराकडं, मग मधल्या जागेकडं. "हितवर आलतासा?" म्हणाले. "मला वाटलं अजून लांब हायसा. ते खांद्याचं वाजलं म्हणून कळलं."

"व्हय."

"मग सोडला का न्हाय? लागला असता."

मला काय म्हणायचं होतं ते मलाही बोलेपर्यंत माहीत नव्हतं. "तुम्ही आयकलं म्हटलासा, म्हंजे डुकरानं आयकलं. ते काय थांबतंय व्हय माझ्यासाठी? वळलं असतं. पोटात बाण घेऊन कुठंतरी उसात जाऊन पडलं असतं."

भाई पोत्याकडं बघून काहीतरी म्हणणार होते. त्याच्या पुठ्ठ्यात त्यांचा बाण दिसला आणि ते थांबले.

वस्तादांनी माझ्या हातातल्या बाणाला बोट लावलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बाण त्यांच्या हातात हाय. हुकला कुठनं? जखमी बी न्हाय. चला, जेवाय वाढा." आणि जाता जाता फक्त मला, वैतागून, "म्हंजे पुढल्या साली बी मलाच बसाय लागतंय त्या दगडाला टेकून. गुडघं बघा माझं जरा."

त्या दिवशी डुक्कर कुणालाच मिळालं नाही. भाईंनी पोतं पाठीवर घेतलं, निम्म्या टेकडीवर ते दमले तेव्हा एक टोक मी डाव्या हातानं धरलं. ते म्हणाले, नियमात बसत नाही. मी म्हटलं, गप चला.

आता रोज सकाळी दुकान उघडलं की मी काउंटरमागच्या भिंतीवर बोटं चालवत हात वर नेते, डॉक्टरांनी सांगितलंय तसं. नवरा पलीकडून बघतो, वेणी आता माझी मीच घालते. खांदा वाजतो कुठं, ते मला आता नीट कळलंय. दोरी गालापर्यंत आली की वाजतो. हनुवटीपाशीच थांबवली तर वाजत नाही. पण तेवढीच ओढली तर बाणाला जोर राहत नाही, काउंटरपासून दारापर्यंतसुद्धा तो नीट जात नाही. वस्तादांचे कान वर्षभरात म्हातारे होतील असं मी मुळीच धरून चालत नाही. खांदाही आहे तोच राहणार. म्हणजे पुढच्या दसऱ्याला मला डुकराच्या आणखी जवळ जावं लागणार, काउंटरच्या या बाजूपासून त्या बाजूपर्यंत, हात लांब केला तर लागेल एवढं.

जाईन.